वहिनींना झोप हवी असेल तर दादांचे हात कामाला लावा

प्रश्न: माझा थोरला भाऊ (वय ४६) दोन वर्षांपूर्वी आंब्याच्या कलमावरून पडला. मणक्याला डी-१० ला (छातीच्या दहाव्या मणक्याला) मार बसला, कमरेखाली हालचाल नाही, संवेदनाही नाही. हात दोन्ही उत्तम. लघवीला कायमची नळी आणि पिशवी आहे, संडास वहिनी काढते. रत्नागिरी जिल्ह्यात गावच्या घरी वहिनी, आई आणि दहावीतली पुतणी असतात. मी ठाण्याला. दर महिन्याला पैसे पाठवतो, माणूस ठेवायचीही तयारी आहे, पण वहिनी नको म्हणते. परवा फोनवर एकदम म्हणाली, "भाऊजी, मला एक रात्र झोपायचंय." आम्ही तिच्यासाठी नक्की काय करू शकतो?

उत्तर: काय हवंय ते वहिनींनी स्पष्ट सांगितलंय, त्यामुळे माझं काम सोपं झालं. एक रात्र झोप. तिथूनच सुरुवात करू.

मी चोवीस वर्षं ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे पेशंटला रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवते. त्यातली बरीच वर्षं मणक्याला इजा झालेल्यांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर गेली. झाडावरून, विहिरीत, बांधकामावरून पडलेले पेशंट आपल्याकडे पुष्कळ. पेशंट बहुधा घरातला कर्ता पुरुष, आणि सेवा करणारी त्याची बायको नाहीतर आई. सुरुवातीच्या काळात मी एक चूक वारंवार केली. पेशंट घरी जाताना बायकोच्या हातात छापील वेळापत्रक द्यायचे. सहाला कूस, साडेसहाला व्यायाम, आठला संडास, दहाला पुन्हा व्यायाम. एका बाईंनी तो कागद उभ्याउभ्याच वाचला, घडी घातली आणि विचारलं, "ताई, ह्यात मी अंघोळ कधी करू?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून वेळापत्रक करायला बसले की आधी सेवा करणारीची झोप, जेवण आणि अंघोळ लिहिते. उरलेल्या वेळात पेशंटचं बसवते. बसतं सगळं.

आता रात्र. डिस्चार्ज कार्डावर "दर दोन तासांनी कूस बदला" असं लिहिलेलं असणार, आणि वहिनी दोन वर्षं ते इमानेइतबारे पाळत असणार. इजा नवीन होती तेव्हा ते बरोबरच होतं. पण पुढे हा अवधी वाढवता येतो, हे सांगायचं आम्ही लोक विसरतो. दादांच्या अंगावर आत्ता बेडसोर (एकाच जागी दाब पडून होणारी जखम) नसेल, खाणंपिणं ठीक असेल, तर दोनाचे अडीच तास करा. तीन-चार रात्री तसंच ठेवा. रोज सकाळी माकडहाड, दोन्ही खुबे, घोटे, टाचा नीट बघा. कुठे डाग नसेल तर तीन तास. चांगल्या फोमच्या गादीवर पुष्कळ जण असे टप्प्याटप्प्याने चार तासांपर्यंत जातात. पालथं झोपायची सवय झाली तर त्याहूनही जास्त, कारण त्या स्थितीत माकडहाड, बसायची हाडं आणि टाचा एकदम मोकळ्या होतात. छातीखाली एक उशी, मांड्यांखाली एक आणि नडग्यांखाली एक, म्हणजे गुडघे आणि पायाची बोटं गादीला टेकत नाहीत. नळी पोटाखाली दबत नाही ना, तेवढं पाहायचं. पहिल्यांदा फिजिओसमोर करून बघा आणि अर्ध्या तासापासून सुरू करा. ज्यांना दम लागतो त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पालथं झोपू नये.

त्वचा बघताना एक लक्षात ठेवा. पुस्तकात "लालसर डाग" लिहिलेलं असतं, पण आपल्या रंगावर लाली दिसत नाही. आजूबाजूपेक्षा जास्त काळपट, हाताला गरम किंवा कडक लागणारी जागा शोधायची. भार काढल्यावर अर्ध्या तासात ती खूण गेली नाही, तर जाईपर्यंत त्या बाजूवर झोपायचं किंवा बसायचं नाही, आणि अवधी पुन्हा मागच्या टप्प्यावर आणायचा.

आता मी तुम्हाला एक विचारते. रात्रीचा गजर कुणाच्या मोबाइलमध्ये लावलेला आहे? वहिनींच्याच असणार. मी जितक्या घरांत विचारलं तितक्या बहुतेक घरांत तो बायकोच्याच मोबाइलमध्ये होता. दादांचे दोन्ही हात उत्तम आहेत असं तुम्हीच लिहिलंय. डी-१० ला इजा झालेला माणूस शिकवलं तर कूस स्वतः बदलू शकतो. खाटेच्या कडेला पक्का गज बसवायचा, तो धरून वरचं अंग वळवायचं, मग हाताने एक-एक पाय पलीकडे टाकायचा. पायांमध्ये उशीही स्वतः घालता येते. महिनाभर सराव लागतो. त्यानंतर गजर दादांच्या उशाशी वाजला पाहिजे, आणि वहिनी दुसऱ्या खोलीत झोपल्या पाहिजेत. अगदीच अडलं तर हाक मारता येतेच.

तुम्ही विचारलंत वहिनींसाठी काय करू, आणि मी दादांबद्दल बोलतेय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मुद्दाम बोलतेय. हात चांगले असलेल्या पॅराप्लेजिक, म्हणजे कमरेखाली हालचाल गेलेल्या माणसाच्या घरात बायकोवर जो भार असतो, त्यातला मोठा भाग त्या इजेने आलेला नसतो. पहिल्या तीन महिन्यांत लागलेल्या सवयी पुढे कुणी मोडलेल्या नसतात. तेव्हा सगळं करावं लागत होतं, म्हणून आजही सगळं केलं जातं. चहा हातात देणं, दात घासायला तांब्या धरणं, शर्टाची बटणं लावणं. आई म्हणणार, "एवढं झालंय पोराला, वर त्यालाच कामं लावू?" शेजारी म्हणणार, बायको त्याला करायला लावते बघा. ह्या बोलण्याला भिऊन कित्येक बायका पाठ मोडून घेतात.

पुण्याकडच्या एका घरातली गोष्ट. इजा दादांसारखीच, माणूस पस्तिशीचा. खाटेवरून व्हीलचेअरवर पहिल्यांदा एकट्याने सरकला त्या दिवशी त्याला चाळीस मिनिटं लागली. आई दारात उभी राहून डोळे पुसत होती. बायको उठून मदतीला धावणार म्हणून मी तिला स्टुलावर बसवलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायला सांगितले. चाळीस मिनिटं तशी बसली बिचारी. हात बाहेर काढले तेव्हा बोटांवर स्टुलाच्या वेताची नक्षी उमटली होती. सहा आठवड्यांनी तोच माणूस चार मिनिटांत सरकत होता आणि ती बाजारात गेलेली होती.

हे सगळं फोनवर किंवा व्हिडिओ बघून शिकण्यासारखं नाही. दादांना तीन-चार आठवडे पुनर्वसन केंद्रात दाखल करता आलं तर तुमच्या पैशांचा तो सगळ्यात चांगला वापर ठरेल. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून आहे. सायनला पॅराप्लेजिक फाउंडेशन आहे. आधी चौकशी करा, कागदपत्रं घेऊन एकदा ओपीडीत दाखवा. तिथे थेरपिस्टइतकाच, खरं सांगायचं तर थेरपिस्टपेक्षा जास्त उपयोग शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा होतो. मी शंभरदा सांगून जे होत नाही ते दहा वर्षं व्हीलचेअरवर असलेला एखादा माणूस समोरून सर्रकन निघून गेला की होतं. दाखल असताना सोबत तुम्ही रहा, वहिनींना ठेवू नका. त्यांना तेवढे आठवडे घरी राहू द्या.

आता घर. कोकणातली घरं मला ठाऊक आहेत. जोतं उंच, उंबरठे, संडास मागल्या दारी. रॅम्पचं साधं गणित असं: एक फूट चढायला बारा फूट लांबी. तीन पायऱ्या म्हणजे साधारण पावणेदोन फूट, म्हणजे एकवीस फूट रॅम्प. पुढच्या अंगणात तेवढी जागा नसेल तर घराच्या ज्या बाजूला जमीन उंच आहे तिथून पडवीत वाट काढता येते का बघा. गवंड्याच्या सांगण्यावरून आखूड, खडा रॅम्प करू नका. तो रॅम्प दिसतो, पण त्यावरून खुर्ची ढकलणारी पुन्हा वहिनीच.

खाटेची उंची आणि गादी घातलेल्या व्हीलचेअरची उंची सारखी हवी. टेपने मोजा. खाट कमी पडत असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे, जास्त असेल तर सुताराकडून पाय कापून घ्या. मधे ठेवायला सरक-फळी करून घ्या: १८ एमएम प्लाय, अडीच फूट लांब, नऊ-दहा इंच रुंद, कडा घासून उतरत्या केलेल्या, वरून गुळगुळीत पॉलिश. गावचा सुतार एका दुपारी करून देतो. मी पाहिलेल्या घरांत ह्या फळीइतकी बायकांची कंबर कशानेच वाचवली नसेल. फळी येईपर्यंत वहिनींना एवढंच सांगा की दादांना उचलायचं नाही. अंगाखाली दुमडलेली चादर घालायची आणि ती ओढून सरकवायचं, शक्यतो दोघांनी.

एअर बेड घेतला असेल तर त्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. तुमच्याकडे पावसात वीज जाते. पंप बंद पडला की हवा उतरते आणि माणूस पहाटेपर्यंत फळीवर झोपल्यासारखा. शिवाय त्या डुगडुगत्या गादीवरून स्वतः वळणं आणि सरकणं कठीण. आत्ता जखम नसेल तर चांगला जाड फोम घ्या. खुर्चीत बसायला किमान चार इंची उशी हवी. मेडिकलवाला मधे भोक असलेली रबरी रिंग देतो ती घेऊ नका, तिने कडेचा रक्तपुरवठा दबतो. खुर्चीत असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला वाकून मिनिट-दोन मिनिटं भार काढायचा, हेही दादांचं काम. माकडहाडाचा फोटो मोबाइलने स्वतःच काढून बघायचा, हेही.

आता लघवी आणि संडास. ह्यावर लोक कुजबुजत बोलतात, मी मोठ्याने बोलते, कारण बाईचा अर्धा दिवस ह्यात जातो.

कायमच्या नळीने जंतुसंसर्ग आणि खडे होण्याचा त्रास असतो. हात चांगले असलेल्या माणसाने दर चार ते सहा तासांनी स्वतः नळी घालून लघवी काढायची आणि नळी बाहेर घ्यायची, ही पद्धत जगभर चालते. हात साबणाने स्वच्छ धुवायचे एवढी शिस्त लागते. पण नळी घरी आपल्या मनाने काढू नका. आधी युरॉलॉजिस्टकडून सोनोग्राफी आणि मूत्राशयाची तपासणी करून घ्या, मग नर्सकडून शिकवून घ्या. ते जमेपर्यंत पिशवी रिकामी करणं दादांकडे द्या. आजपासून.

संडासला वेळ ठरवा. रोज किंवा दिवसाआड, पण एकच वेळ, नाश्त्यानंतर वीस मिनिटांनी. खाल्ल्यावर आतडी आपोआप हलतात, त्याचा फायदा घ्यायचा. सपोझिटरी (गुदद्वारातून घालायची गोळी), हातमोजा, आणि खाटेऐवजी कमोडची खुर्ची. बैठकीवर फोम लावून घ्या आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नका. बोट फिरवून आतडीला चाळवायची पद्धत नर्स किंवा डॉक्टर शिकवतील, आणि ती दादा शिकतील. पहिल्या वेळी ते नाही म्हणतील. लाजेने म्हणतील, रागाने म्हणतील. त्यांना एकट्याला गाठून, पुरुषाने पुरुषाशी बोलावं तसं तुम्ही बोला. मी एका पेशंटला सरळ विचारलं होतं, "तुमच्या बायकोला सकाळी हे करायला लागतं, मग संध्याकाळी तुमच्याजवळ बसावंसं वाटतं का तिला?" तो बराच वेळ गप्प होता. दुसऱ्या दिवशी हातमोजे मागवले.

ह्या घरांमध्ये नवरा-बायकोचं नातं आधी परिचारिका आणि पेशंटचं होतं, मग हळूहळू आई आणि हट्टी मुलाचं. शरीरसंबंधांविषयी तर त्यांना कुणी काही विचारतही नाही. दोघांनाही प्रश्न असतात, आणि पुनर्वसनाच्या डॉक्टरांकडे त्यांची उत्तरं असतात. केंद्रात गेलात की दोघांना एकदा डॉक्टरांशी एकांतात बोलू द्या. तुम्ही आणि आई बाहेर थांबा.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या घरांसाठी एक सूचना. ज्यांची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्यावर आहे, त्यांचं अचानक डोकं ठणकलं, चेहरा-मान घामाने डबडबली, तर बीपी एकदम चढलेलं असू शकतं. लगेच उठवून बसवा, कपडे सैल करा, नळी पिळवटली किंवा तुंबली आहे का बघा, आणि कमी होत नसेल तर थेट दवाखाना. डोकेदुखीची गोळी देऊन वाट बघू नका. दादांची इजा खाली आहे, त्यांना ही भीती सहसा नाही.

माणूस ठेवायला वहिनी नको म्हणतात ह्याचं तुम्हाला नवल वाटतंय. मला नाही वाटत. ब्युरोचा मामा, म्हणजे पेशंटची सेवा करायला ठेवलेला पगारी माणूस, घरात आला की त्याला शिकवायचं कुणी, त्याच्यावर लक्ष ठेवायचं कुणी, त्याचा डबा करायचा कुणी? घरात वयात आलेली मुलगी आहे. आणि दोन महिन्यांत तो पळाला की पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा दादांचं वहिनींकडे असू द्या आणि बाकीचं काढून घ्या: धुणं-भांडी, पाणी, सरपण, गुरं असतील तर गुरं. गावातलीच ओळखीची बाई सकाळी तीन तास आली तरी पुष्कळ. तिचा पगार तुम्ही परस्पर द्या. "वहिनी, ठेवू का?" असं विचारू नका, त्या नाहीच म्हणणार. "सोमवारपासून अमुक मावशी येतायत" असं सांगा.

पैसे कुणाच्या खात्यात पाठवता? थोडे तरी वहिनींच्या नावावर, वेगळे, हिशेब न मागता पाठवा. दोन वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काय घेतलं असेल, ह्याचा विचार केला तर आकडा सुचेल.

कागदांची धावपळ तर पूर्णपणे तुम्हीच उचलायला हवी, कारण ती लांबूनही बरीचशी करता येते. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी. ते हातात आलं की संजय गांधी निराधार अनुदानाचा अर्ज तहसीलला. दिव्यांगांसाठी ती रक्कम २०२५ मध्ये महिना १,५०० वरून २,५०० रुपये झाली, मात्र उत्पन्नाची अट असते. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्चायचा असतो. कमोडची खुर्ची किंवा रॅम्पसाठी ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलंत तर "बघू" एवढंच मिळेल. रेल्वेत एकट्याने प्रवास न करू शकणाऱ्या अपंगाला स्लीपर आणि थ्री-एसीला ७५ टक्के सवलत आहे, आणि तेवढीच सोबत्यालाही. दादा तुमच्यावर अवलंबून आहेत असं दाखवता येत असेल तर आयकराच्या जुन्या करप्रणालीत (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडी) ७५,००० रुपयांची, आणि अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट आहे. सीएला विचारा.

आणि वहिनींसाठी? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे, आणि तीत पैसे न घेता सेवा करणारे घरचे लोकही धरलेत. जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेखही त्यात आहे. केरळने अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्यांसाठी महिना ६०० रुपयांची योजना काढली. सहाशेत काय येतं म्हणा. पण त्या रकमेने सेवा करणारीची सरकारदरबारी नोंद तरी होते.

वहिनींचं बीपी, साखर, हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं? दादांच्या तपासणीला जाल तेव्हा त्यांचाही केस पेपर काढा, वेगळं सांगून त्या जाणार नाहीत. लग्नकार्याला जाणं बंद झालं असेल, उभ्याने जेवत असतील, सारखं "माझं काय आता" म्हणत असतील, तर टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. जिवाचं काही बरंवाईट बोलल्या तर नंबर देऊन थांबू नका, गाडी पकडा. पुतणीकडेही लक्ष असू द्या. आई दमते तेव्हा पुढचा हात तिचा असतो, आणि तिचं दहावीचं वर्ष आहे.

फोनवर "वहिनी, तुम्ही देवमाणूस आहात" असलं काही म्हणू नका. देवमाणसाला दमायची सोय नसते. त्याऐवजी "काल किती वाजता झोपलात?" असं विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. चार आठवड्यांनी ते आकडे बदलले की नाही, त्यावरून तुमच्या मदतीचा हिशेब कळेल.

शेवटी गणपती. तुम्ही सगळे मुंबई-ठाण्याहून जाणार, घरात पंधरा माणसं होणार, आणि ज्या बाईला एक रात्र झोपायचंय ती मोदक वळत बसणार. ह्या वर्षी तुम्ही तीन दिवस आधी जा. दोन दिवस वहिनींच्या मागे उभं राहून सगळं शिका, कूस, पिशवी, सकाळचं, सगळं. तिसऱ्या दिवशी त्यांना माहेरी पोचवा, आणि गौरी येतील तेव्हा परत आणा. मोदक तुमच्या घरच्या बायका करतील, पुरुषांनाही येतील. पहिल्या दिवशी वहिनी तासातासाला फोन करतील. प्रत्येक फोन उचला आणि मोबाइल दादांच्या हातात द्या.